प्रस्तावना : कंपनमंचावरील मनोरा

अमेरिकेतील ‘अर्थक्वेक इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट’ ही संस्था पदवीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा भरवीत आली आहे, आणि तिचे स्वरूप वरवर पाहता फार सरळ दिसते. बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाच्या काड्या आणि डिंक एवढ्याच सामग्रीतून विद्यार्थ्यांच्या चमूने अनेकमजली मनोरा उभारावयाचा. त्याच्या मजल्यांना लोखंडाची वजने जखडावयाची. मग तो कंपनमंचावर, म्हणजे विद्यार्थी ज्याला शेक टेबल म्हणतात त्या यंत्रचलित फळीवर, पक्का बसवून प्रत्यक्ष भूकंपांच्या नोंदींवरून बेतलेले धक्के त्याला एकामागून एक द्यावयाचे. आणि तो किती हलला, झोके खाऊन पुन्हा सरळ झाला की कोठे मोडला, हे उपकरणांनी मोजावयाचे. जमलेल्या प्रेक्षकांचे सारे लक्ष साहजिकच त्या धक्क्यांच्या काही सेकंदांकडे असते. मनोरा डुलतो, एखादी काडी कडकन तुटल्याचा आवाज येतो, आणि कित्येक आठवड्यांचे काम कर्त्यांच्या डोळ्यांदेखत ढासळते. हे दृश्य रोमहर्षक असते यात संशय नाही. परंतु स्पर्धेचे मर्म त्या दृश्यात शोधू पाहणाऱ्याची फसगत होईल. मनोरा मंचावर चढण्यापूर्वीच चमूला आपले भाकीत लिहून द्यावे लागते : माथ्याचे विस्थापन अमुक इतके होईल, माथ्याचे त्वरण तमुक इतके होईल. मनोरा टिकला की पडला हा प्रश्न त्यानंतरचा. आधी लिहून दिलेला आकडा आणि मागाहून मोजलेला आकडा यांत अंतर किती पडले, आणि ते का पडले, हा प्रश्न माझ्या मते पहिला. आणि पुढील प्रकरणांतील सर्व विवेचन वाचकाने याच प्रश्नाच्या अनुरोधाने वाचावे, अशी माझी विनंती आहे.

मनोऱ्याच्या स्पर्धा याहून साध्या स्वरूपातही असतात. अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या सायन्स ऑलिंपियाडमध्ये ज्या वर्षी मनोऱ्याचा विषय असतो त्या वर्षी धक्क्यांचा काही संबंध येत नाही. मनोऱ्याच्या माथ्यावर एक ठोकळा ठेवून त्याला साखळीने बादली टांगतात, तीत १५ किलोपर्यंत वाळू ओततात, आणि पेललेल्या भाराला मनोऱ्याच्या स्वतःच्या वजनाने भागून गुण ठरवितात. निष्णात मुलांचा दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचा मनोरा हा पंधरा किलोंचा भार, म्हणजे आपल्या वजनाच्या सुमारे दीड हजार पट भार, तोलून धरतो. या हिशेबात जी काडी आपल्या वाट्याचे काम करीत नाही ती गुन्हेगार ठरते, आणि काटकसर हा सद्‌गुण नुसता उपदेशाचा विषय न राहता अंकांत दिसू लागतो. ज्या विद्यार्थ्याला या विषयात प्रथमच पाऊल टाकावयाचे आहे त्याने एखादा असा स्थिर भाराचा मनोरा अवश्य करून पाहावा. परंतु स्थिर भार हा प्रामाणिक प्रतिस्पर्धी असतो. तो किती आहे आणि कोठून येणार हे आधीच ठाऊक असते. भूकंपाचा भार तसा नाही. तो किती यावा हे निम्म्याहून अधिक मनोऱ्यानेच ठरविलेले असते, आणि हा विषय येथून खऱ्या अर्थाने गहन होतो.

भूकंपाच्या स्पर्धेच्या अटी-शर्तींचा मसुदा मुळात जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला आहे, ही मला तिची सर्वांत मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. मनोरा ही भाड्याने द्यावयाची इमारत आहे असे समजून तिच्या मजल्यांच्या क्षेत्रफळावर वार्षिक उत्पन्न धरले जाते, आणि वरच्या मजल्यांना, जशी मोठ्या शहरांत रीत आहे, अधिक दर मिळतो. खर्चाच्या बाजूस मनोऱ्याचे वजन बांधकामाचा खर्च म्हणून लागते आणि त्याने व्यापलेली जागा जमिनीची किंमत म्हणून. त्याखेरीज तिसरी रक्कम भूकंपाची. प्रत्येक धक्क्यात माथ्याचे जे सापेक्ष विस्थापन होते त्यावरून इमारतीच्या सांगाड्याचे नुकसान आकारतात, आणि माथ्याला जे त्वरण लाभते त्यावरून आतील उपकरणांचे व सामानाचे. मग तसा भूकंप जितक्या वर्षांनी एकदा अपेक्षित, तितक्या वर्षांनी त्या नुकसानीला भागून ती रक्कम दरसाल खर्ची टाकतात. उत्पन्नातून हे सर्व वजा जाता ज्याची शिल्लक मोठी, तो चमू पुढे. याचा अर्थ असा की, केवळ न पडणारा मनोरा बांधून भागत नाही. वाटेल तितके लाकूड ओतून अभेद्य केलेला मनोरा बांधकामाच्या खर्चात बुडतो. फार सडपातळ केलेला मनोरा पहिल्या मोठ्या धक्क्यातच आपली सारी कमाई गमावतो. आणि उत्पन्नाच्या मोहाने वरचे मजले रुंद केले तर तेथील वस्तुमान वाढून नेमके जेथे झोका मोठा तेथेच ओझे साठते. या शेवटच्या चुकीचे स्मरण महाराष्ट्राला वेगळे करून देण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांत भूकंपात जी माणसे दगावली त्यांतील फार मोठी संख्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढवून जड केलेली माळवदे यांच्याखाली गाडली गेली. डोक्यावरील वस्तुमान हे भूकंपाच्या वेळी शत्रूच्या पक्षाला जाऊन मिळते, हे तत्त्व स्पर्धेच्या कोष्टकात एका ओळीचे असते. लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात ते हजारो कुटुंबांच्या नशिबी आले.

विस्थापन आणि त्वरण या दोहोंवर एकाच वेळी दंड आकारण्यात जी पेचाची परिस्थिती निर्माण होते तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण विद्यार्थ्याच्या विचाराला खरे वळण येथेच लागते. नवख्या चमूची पहिली प्रेरणा ही असते की, मनोरा ताठ करावा; कर्णबंध वाढवावेत, खांब जाड करावेत, म्हणजे तो हलणार नाही. ताठ मनोऱ्याच्या माथ्याचे विस्थापन खरोखरच घटते. पण तो जमिनीबरोबर जसाच्या तसा हिसडे खाऊ लागतो आणि माथ्याचे त्वरण पुष्कळदा वाढते. लवचिक मनोरा जमिनीच्या जलद हालचालींना दाद देत नाही, त्याचे त्वरण उतरते; पण तो लांब लांब झोके घेतो, सांगाड्याला पीळ बसतो, आणि वरची वजने ओळंब्याबाहेर गेली म्हणजे गुरुत्वाकर्षणच त्यास आणखी वाकवू लागते. एक नुकसान कमी करावे तर दुसरे वाढते. दोन्ही टोके टाळून मधला बिंदू कोठे आहे हे केवळ अंदाजाने सांगता येत नाही; त्यासाठी त्या विशिष्ट धक्क्याची नोंद हाती घेऊन, कोणत्या आवर्तकालाच्या मनोऱ्याला तो धक्का किती हलवील याचा आलेख काढावा लागतो, आणि त्या आलेखातील शिखरे व दऱ्या पाहून आपल्या मनोऱ्याचा आवर्तकाल निवडावा लागतो. विद्यार्थी प्रथमच अशा स्थितीत सापडतो की, जेथे ‘मजबूत’ या शब्दाने काहीच ठरत नाही.

आवर्तकाल म्हणजे उभ्या वस्तूला एकदा हलवून सोडल्यावर एक पूर्ण झोका घेण्यास लागणारा तिचा स्वाभाविक वेळ. तो वस्तुमान व ताठपणा यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ताठपणा तोच ठेवून वस्तुमान चौपट केले तर आवर्तकाल दुप्पट होतो. तीस मीटर उंचीच्या काँक्रीटच्या चौकटी इमारतीचा आवर्तकाल भारतीय मानक क्रमांक १८९३ मधील सूत्राप्रमाणे सेकंदाच्या जरासा आत येतो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका हातही जसा त्याला उंच नेतो, तसा जमिनीच्या हालचालीचा ताल इमारतीच्या तालाशी जुळला की लहान धक्क्यांची बेरीज मोठी होत जाते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत हे साऱ्या जगाने पाहिले. भूकंपाचे मूळ प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापाशी, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. परंतु शहराचा एक भाग टेस्कोको सरोवराच्या जुन्या गाळावर वसलेला, आणि त्या मऊ गाळाने सुमारे दोन सेकंदांच्या तालाच्या लहरी तेवढ्या उचलून मोठ्या केल्या. ठेंगण्या इमारती बऱ्याच अंशी वाचल्या, फार उंच इमारतींतील पुष्कळशा वाचल्या, आणि मधल्या, साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या, इमारतींवर आकांत ओढवला. कोणती इमारत पडावी याचा निर्णय तिच्या एकटीच्या मजबुतीने झाला नव्हता. बाल्साच्या मनोऱ्याचे गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला मेक्सिको सिटीचा तो दिवस समजला पाहिजे, आणि ज्याला तो समजला त्याला आपला मनोरा वीस टक्के अधिक ताठ करावा की वीस टक्के कमी, हा प्रश्न क्षुद्र वाटणार नाही.

आता प्रतिरूपांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. लहान मनोरा म्हणजे मोठ्या इमारतीची आकसलेली आवृत्ती, आणि लहान टिकला म्हणजे मोठीही टिकेल, ही समजूत सार्वत्रिक आहे व ती घातक आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात तिचे निराकरण करून ठेवले आहे : वस्तू सर्व बाजूंनी दहापट लहान केली तर तिच्या अवयवांचे छेद शंभरपट घटतात, पण वजन हजारपट घटते, म्हणून लहान वस्तू आपल्या स्वतःच्या भाराच्या मानाने सदैव अवास्तव बळकट असते. कंपनमंचावरील मनोऱ्याच्या मजल्यांना लोखंड जखडण्याचे कारण हेच. त्या वजनांवाचून बाल्साचा सांगाडा जवळजवळ कोणताही भूकंप हसत सोसेल आणि त्यातून कोणी काही शिकणार नाही. काळाचेही तसेच. लांबी शंभरपट लहान केली आणि गुरुत्वाकर्षण जसेच्या तसे राहिले, तर काळ दहापट आखडावा लागतो. खऱ्या इमारतीचा दोन सेकंदांचा झोका प्रतिरूपात एक पंचमांश सेकंदाचा होतो, आणि भूकंपाची नोंदही त्याच प्रमाणात दाबून वाजवावी लागते. लांबी, वस्तुमान, काळ आणि द्रव्याची दृढता यांचे हे परस्परसंबंध ज्याने सांभाळले त्याचे प्रतिरूप बोलके. ज्याने नाही सांभाळले त्याचे प्रतिरूप शोभेचे.

हे संबंध काळजीपूर्वक सांभाळलेल्या एका प्रतिरूपाचा महाराष्ट्राशी फार निकटचा संबंध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या त्या धरणातील उपकरणाने हालचालीची नोंद टिपली. धरण उभे राहिले, पण जेथे त्याच्या उतरत्या बाजूचा ढाळ एकदम बदलतो त्या उंचीच्या आसपास, न सांडणाऱ्या भागांत, आडव्या भेगा पडल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील कंपनमंचावर निवा आणि क्लफ या संशोधकांनी कोयनेच्या धरणाच्या एका खंडाचे एकास दीडशे या प्रमाणाचे प्रतिरूप हलवून पाहिले व १९८० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सह्याद्रीतील एका पहाटेची नोंद आजही जगभर धरणांचे गणित करणाऱ्यांच्या दप्तरी असते आणि नवे गणित बरोबर आहे की नाही याची पडताळणी अनेक जण कोयनेच्या भेगांशी करतात. आपल्या भूमीवरील आपत्तीतून जगाला मिळालेले हे ज्ञान मराठी विद्यार्थ्याला परक्या भाषेतील शोधनिबंधातून योगायोगाने कळावे, ही गोष्ट मला खरोखर खेदाची वाटते.

विद्यार्थ्यांनी मनोऱ्याचे प्रतिरूप करण्याची परंपराही वाटते तितकी नवी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात लिडिक जेकबसेन यांच्या मार्गदर्शनाखाली जॉन ब्लूम आणि हॅरी हेसलमायर या दोन तरुणांनी १९३४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील पंधरा मजल्यांच्या अलेक्झांडर इमारतीचा अभ्यास केला. प्रत्यक्ष इमारतीचा आवर्तकाल मोजलेला होता. सांगाड्याच्या गणिताने काढलेला आवर्तकाल त्याच्याशी जुळत नव्हता. या दोहोंचा मेळ कसा घालावा हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि त्या शोधात त्यांनी इमारतीचे हलणारे प्रतिरूपही तयार केले. ज्या भिंती व जे भराव आपण बोजा म्हणून मोजतो, तेही इमारतीला ताठ करीत असतात, ही गोष्ट अशा तुलनेवाचून ध्यानात येणे कठीण. ब्लूम पुढे भूकंप-अभियांत्रिकीतील अग्रगण्य पुरुष झाले. या प्रकरणात मला जे अनुकरणीय वाटते ते हे की, न जुळणारा आकडा त्यांनी लपविला नाही वा गणितात एखादा सोयीचा गुणक घालून जुळवून टाकला नाही. ते न जुळणे हेच त्यांनी आपल्या कामाचे भांडवल केले. आजचा विद्यार्थी संगणकावर आपल्या मनोऱ्याचे चित्र चढवितो, तळ अगदी घट्ट धरला आहे आणि सांधे किंचितही सैल नाहीत असे संगणकाला सांगतो, आणि मग मोजलेला आवर्तकाल गणितापेक्षा लांब निघाला की गोंधळतो. तळपट्टी थोडी वाकते, डिंकाचा सांधा थोडा फिरतो, मजल्याची चौकट आपल्या पातळीत थोडी तिरकी होते. या प्रत्येक ‘थोड्या’चा शोध घेण्यास दोन काड्यांचा एक सांधा वेगळा करून तपासण्याइतका धीर लागतो. ज्याच्या अंगी तो धीर आला तो पुढे खऱ्या इमारतीचे आराखडे तपासताना संगणकाच्या उत्तरावर आंधळी सही करणार नाही.

द्रव्याविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तरी काही गोष्टी येथेच सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाल्साचे झाड दक्षिण व मध्य अमेरिकेतील. बाजारातील बहुतेक माल इक्वेडोरमधून येतो. झाड काही वर्षांतच तोडणीला येते, आणि लाकडाची घनता सामान्यतः दर घनमीटरला १६० किलोच्या आसपास, म्हणजे सागाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असते. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो विमानाच्या कवचात बर्चच्या पातळ पापुद्र्यांच्या मध्ये बाल्साचाच गाभा होता. तेव्हा या लाकडाला खेळण्यांचे लाकूड म्हणून हिणवू नये. मात्र त्याचा स्वभाव फार असमान. एकाच गठ्ठ्यातील दोन काड्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघू शकतो, आणि बळ व ताठपणा बऱ्याच अंशी वजनामागून जातात. म्हणून जाणते चमू बांधकामास हात घालण्यापूर्वी प्रत्येक काडी काट्यावर तोलतात, तिची बाजू व्हर्नियरने मोजतात, दोन टेकूंवर आडवी ठेवून मध्ये ठराविक वजन टांगून ती किती लवते ते पाहतात, आणि मग भारी काड्या खालच्या खांबांना, मध्यम कर्णबंधांना, हलक्या वरच्या मजल्यांना अशी वाटणी करतात. काडीच्या बाजूचे माप दहा टक्क्यांनी अधिक भरले तर तिचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो बाजूच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. हे ज्याला ठाऊक आहे तो मापनाच्या कामास रटाळ म्हणणार नाही. हवेतील दमटपणाही लाकडात शिरतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आज तोललेली काडी उद्या त्याच वजनाची राहीलच असे नाही; यासाठी काड्या व तयार भाग कोरड्या बंद पेटीत ठेवण्याची शिस्त आधीपासून लावून घ्यावी.

दाबाखालील सडपातळ काडी चिरडून मरत नाही. ती मध्येच बाजूला वाकून दगा देते. ऑयलरने अठराव्या शतकात या वाकण्याचा नियम दिला, आणि त्यातील एक गोष्ट मनोरा बांधणाऱ्याने कायमची लक्षात ठेवावी : मोकळी लांबी निम्मी केली तर काडीची भार पेलण्याची मर्यादा चौपट होते. खांबाला मध्यावर एक नाजूक आडवी काडी जोडली, किंवा फुलीच्या दोन कर्णांना छेदबिंदूवर डिंकाने एकत्र बांधले, तर चिमूटभर लाकडात केवढा लाभ होतो हे यावरून दिसेल. ताण घेणाऱ्या काडीची गोष्ट निराळी. तिला लांबीचे भय नाही, तिला भय सांध्याचे. रेषांच्या टोकाशी, म्हणजे आडव्या छेदावर, लावलेला डिंक लाकडात मुरून जातो आणि तेथे पकड राहत नाही. तीच काडी बाजूला बाजू लावून, काही लांबीपर्यंत दुसरीवर चढवून चिकटविली तर सांधा तुटण्यापूर्वी लाकूड तुटते. भूकंपात त्याच काडीवर क्षणात ताण आणि क्षणात दाब येतो, म्हणून दोन्ही विचार एकाच सांध्यात करावे लागतात. झटपट धरणारा पातळ डिंक वेगाचे सुख देतो पण ठिसूळ असतो; सुतारकामाचा पांढरा डिंक तासन्‌तास थांबवितो पण धक्के सोसतो. माझा कौल, जेथे नियम मोकळीक देतात तेथे, मुख्य सांध्यांपुरता तरी, पांढऱ्या डिंकाला आहे.

बांधण्याची रीत म्हणाल तर, पूर्ण मापाचा आराखडा पाटावर पसरावा, त्यावर मेणकागद घालावा, काड्या टाचण्यांनी जागच्या जागी धराव्यात आणि मनोऱ्याची एकेक बाजू आडवी असतानाच पुरी करावी. मग दोन बाजू उभ्या करून गुण्या लावून काटकोन साधावा, आणि प्रत्येक मजल्यावर दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत याची खात्री करीत उरलेल्या बाजू जोडाव्यात. कर्णांत दोन मिलिमीटरांचा फरक राहिला तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण मंच हलू लागला म्हणजे मनोरा झुलण्याबरोबर स्वतःभोवती वळूही लागतो, आणि हे वळणे कोपऱ्यातील खांबांना फार महाग पडते. आकाराच्या हौसेने योजलेल्या वेड्यावाकड्या तळआराखड्यांचेही फळ हेच. ताठपणाचा मध्य आणि वस्तुमानाचा मध्य एकमेकांपासून जितके दूर, तितके वळणे अधिक. सौंदर्याला गुण आहेत म्हणून ते डिझाइनवर बाहेरून चिकटवावे असे नव्हे. ढाक्यास जन्मलेल्या फझलुर खान यांच्या हातून शिकागोत १९६९ साली पुरी झालेली शंभर मजल्यांची जॉन हॅनकॉक इमारत पाहावी : बाहेरच्या चारही अंगांवरील त्या प्रचंड फुल्या हेच तिचे वाऱ्याविरुद्धचे बळ आणि हेच तिचे रूप. इतका प्रामाणिक नमुना समोर असता शोभेच्या कमानी जोडण्यात विद्यार्थ्यांनी लाकूड का दवडावे, हे मला उमगत नाही.

मोडलेल्या मनोऱ्याची व्यवस्था हा विषय स्पर्धेच्या नियमांत नसतो, म्हणून त्याविषयी थोडे आग्रहाने लिहितो. मनोरा मोडताच अवशेष गोळा करून टाकून देण्याची घाई होते. तसे करू नये. पहिली तुटलेली काडी कोणती हे चित्रफितीवरून शोधावे. तुटलेले टोक भिंगाखाली पाहावे. लाकूड फाटले की डिंक सुटला हे ठरवावे. डिंक सुटला असेल तर त्या सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग नीट भिजले होते का, हे पाहावे. आणि हे सर्व मनोऱ्याच्या रोजकीर्दीत, त्या सांध्याच्या क्रमांकानिशी, त्याच दिवशी नोंदवावे. ज्या चमूपाशी मागील तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी आहेत त्याचा नवा सभासदही जुन्या जाणत्यांच्या खांद्यावरून आपले काम सुरू करतो. ज्यापाशी नुसती पारितोषिके आहेत त्याला दरसाल मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो. १९१६ साली सुरू झालेल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात नद्यांची, बंदरांची व धरणांची प्रतिरूपे चालवून पाहण्याचे काम होत आले आहे, रुडकीला जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली भूकंप-अभियांत्रिकीचे विद्यालय निघाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी या विषयाचे भारतीय मानक प्रथम प्रसिद्ध झाले. तेव्हा प्रतिरूपाचा अभ्यास ही आपल्याकडे उसनी आणावयाची गोष्ट नाही. कमतरता आहे ती पदवीच्या वर्गात, जेथे इमारत हलते हे बहुतेक विद्यार्थी फळ्यावरच शिकतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की, कंपनमंच फार खर्चाचा. संगणकाने चालणारा, भूकंपाची नोंद जशीच्या तशी उमटविणारा मंच महाग आहे हे खरे. परंतु आरंभाला त्याची गरज नाही. रुळांवर सरकणारी फळी, वेग बदलता येणारी मोटर आणि केंद्रापासून थोडी सरकवून बसविलेली खुंटी एवढ्यातून महाविद्यालयाच्या कर्मशाळेत एका दिशेने हलणारा मंच तयार होतो, आणि मोटरचा वेग हळूहळू वाढवीत नेला की कोणत्या वेगाला मनोरा सर्वांत अधिक झुलतो ते दिसून त्याचा आवर्तकाल हाती येतो. तेवढाही मंच नसेल तर तळ मेजाला शिकंज्यांनी आवळावा, माथ्याला दोरा बांधून तो किंचित आडवा ओढावा, गणिताने काढलेला आवर्तकाल वहीत तारखेसह लिहावा, आणि दोरा कापून झोके चित्रफितीवर टिपावेत. पुष्कळ विद्यार्थी यासाठी आपला मोबाईल फोन, त्यातील त्वरणमापकाच्या लोभाने, माथ्यावर बांधतात. त्यास माझी हरकत नाही. मात्र वजने न लावलेल्या बाल्साच्या मनोऱ्यापुढे फोनचे वस्तुमान लहान नसते, आणि तेही माथ्यावर असल्यामुळे आवर्तकाल चांगलाच लांबतो, तेव्हा फोन आधी काट्यावर तोलून ते वजन माथ्याच्या वस्तुमानात मिळवावे व मगच गणित करावे.